हँडब्रेक आभाळाला टेकलाय : ड्रम घरीच उघडावा का?

विश्वामित्रीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम (चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला आतून दाबून ब्रेक लागतो), दोन सीटांच्या मधला ओढायचा हँडब्रेक. एके काळी सहाव्या खटक्याला घट्ट व्हायचा, आता अकरा-बारा खटके वर घेतला तरी भरवसा नाही. बडोद्यात राहणाऱ्याला हे लवकर कळतही नाही, कारण आपल्याकडे चढ आहेत कुठे? फार तर गेंडा सर्कलचा फ्लायओव्हर. मध्यंतरी पावागडला, महाकालीच्या डोंगरावर गेलो, माचीच्या अलीकडे वळणावर रांगेत थांबलो, हँडब्रेक ओढला, पेडलवरचा पाय काढला आणि गाडी मागे निघाली. मागच्या सीटवर सासूबाई. महाकालीचा धावा पायथ्यापासून चालू होताच, तो एकदम वरच्या पट्टीत गेला.

परत आल्यावर गॅरेजात दाखवली. त्याने लिव्हरखालचा नट पिळला, "थई गयुं साहेब" म्हणाला. थोडे दिवस बरं चाललं, आता पुन्हा तेच. वर एक नवीन दुखणं : चार-पाच किलोमीटर चालवून उतरलं की उजवं मागचं चाक डाव्यापेक्षा चांगलंच गरम लागतं.

केबल बदलायला झाली का? आणि ड्रम उघडून हे काम घरी करण्यासारखं आहे का? पाने, डिसमिस, पक्कड, जॅक घरात आहे. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना) मेव्हण्याकडून मिळेल.

पानापक्कड

ड्रम कशाला उघडतोस? नसती उठाठेव. हँडब्रेकच्या खालचं प्लास्टिकचं कव्हर काढ, केबलच्या टोकाला नट दिसेल, पाच-सहा फेरे दे, झालं. मी दर सर्व्हिसला हेच करतो. चहा निवायच्या आत होणारं काम आहे.

बेसमेंटवाली

+१. आमच्या सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प इतका उभा आहे की वॉचमनकाका हातात वीट घेऊनच उभे असतात. गेल्या वर्षी नट पिळून घेतला, तेव्हापासून विटेची गरज पडली नाही. मात्र अ‍ॅव्हरेज थोडं पडलंय, ते कशामुळे कळत नाही.

गिअरकाका

बेसमेंटवाली ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यात तुमचं उत्तर आहे. पानापक्कड, तुझा तो नट या गोष्टीतला खलनायक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. निवृत्त माणूस, वेळेला काय तोटा.

लिव्हर ओढली की केबल इक्वलायझर नावाच्या आडव्या पट्टीला ओढते. तिथून दोन केबल दोन मागच्या चाकांकडे जातात. ड्रमच्या आत दोन अर्धगोल पत्रे असतात, ते शू. मागच्या अंगाच्या शूला एक छोटी लोखंडी लिव्हर जोडलेली असते. केबल तिला खेचते, ती दोन शूंच्या मधल्या आडव्या दांडीला, म्हणजे स्ट्रटला रेटते आणि दोन्ही शू फाकून ड्रमला आतून दाबतात. म्हणजे शू तेच जे पायाच्या ब्रेकला वापरतो, फक्त ढकलणारा वेगळा. पायाला तेलाचा दाब, हाताला तार.

शूवर चिकटवलेला घासणारा थर, म्हणजे लायनर, झिजतं तशी शू आणि ड्रममधली फट वाढते. ती भरून काढायला स्ट्रटवरच अ‍ॅडजस्टर असतो. काही गाड्यांत दातेरी चाक, काहींत खाचांची पट्टी आणि स्प्रिंग. खाचांच्या पट्टीवाल्या गाडीत पायाचा ब्रेक दाबताना फट ठरलेल्या मापापेक्षा जास्त निघाली की पट्टी एक खाच पुढे सरकते. याला अट एकच : हँडब्रेक सोडलेला असताना आतली ती छोटी लिव्हर पूर्ण मागे, शूच्या पत्र्याला टेकून बसली पाहिजे. तुम्ही वरून नट पिळून केबल ताणून ठेवली की ती टेकतच नाही. शू कायमचे थोडे फाकलेले राहतात, अ‍ॅडजस्टरला वाटतं सगळं आलबेल आहे आणि तो काम सोडून देतो. लायनर झिजत राहतं, खटके वाढत राहतात, तुम्ही आणखी दोन फेरे देता. मध्येच एखादं चाक घासायला लागतं, ते तापतं, अ‍ॅव्हरेज पडतं.

क्रम असा की आधी शू, मग केबल. नटाला हात सगळ्यात शेवटी.

आणि विश्वामित्रीकर, उजवं चाक गरम लागतं म्हणून उजवीकडे दोष शोधू नकोस. माझा अंदाज, आजारी डावं आहे. डाव्याचा अ‍ॅडजस्टर अडकला असेल तर तिथली फट मोठी, उजव्याची बरोबर. आता नट पिळला की दोन्हीकडचे शू सारखेच फाकणार. ज्याची फट मुळातच लहान तो आधी टेकणार आणि घासणार. शिक्षा भोगतोय तो निर्दोष आहे.

तर्कट

काका, पण तार ताणली जाऊन लांब होते असं सगळेच सांगतात. मग नट दिलाय कशाला?

गिअरकाका

नवी केबल सुरुवातीला थोडी बसते, तेवढ्यासाठी. शिवाय शू बदलल्यावर शेवटची ढील काढायला. एकदा बसलेली चांगली केबल त्यानंतर फारशी वाढत नाही. केबल मरते ती गंजून.

लिलो चेवडो

गंजावरून आठवलं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमची गाडी बडोद्यातल्या समा भागात दारापुढेच बुडाली होती, हँडब्रेक ओढलेला. पाणी ओसरल्यावर सगळे इंजिन, सीट, वायरिंग यांच्यामागे. टो करायला माणूस आला तेव्हा कळलं की हँडब्रेकची लिव्हर खाली येते पण मागची चाकं जागची हलत नाहीत. शू ड्रमला गंजून चिकटले होते.

अशा वेळी गिअर टाकून दणकन रेटायचं नाही. लायनर शूच्या पत्र्यावरून उखडून येतं आणि मग तो तुकडा आत फिरत बसतो. चाक काढून, बोल्टांच्या मधल्या जागेत लाकडाचा ठोकळा धरून त्यावर हातोडीने बेताने ठोकलं, ड्रम थोडा थोडा मागेपुढे हलवला, तेव्हा सुटलं. शू वाचले, केबल मात्र गेली. पाणी कव्हरच्या आत शिरलं की वरून केबल कोरी करकरीत दिसते आणि आतली तार गंजलेली. ओळखायचं कसं : लिव्हर खाली सोडल्यावर चाकाकडचं टोक आपसूक मागे यायला हवं. हाताने ढकलावं लागलं तर ती केबल संपली. ऑइल सोडून चार दिवस पुढे ढकलता येतात, पण दोन्ही बाजूंची एकदम बदललेली बरी. एक नवी, एक जुनी ठेवली तर ओढ सारखी राहत नाही.

अवांतर : पाणी उतरल्यावर आमच्या गल्लीत कोणीही गाडीखाली वाकण्याआधी काठी आपटून बघायचा. मगरींमुळे. बडोद्याबाहेरच्या लोकांना हा विनोद वाटतो.

हळू चला

माफ करा, पण ब्रेकच्या बाबतीत हे हौशी प्रयोग नकोत. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते, ब्रेक गेला तर थांबत नाही. हा विषय मिस्त्रीवरच सोडावा.

विश्वामित्रीकर

पटतं तुमचं, पण मिस्त्रीने ड्रम उघडलाच नाही ना. माझं पार्किंग सपाट, सिमेंटचं आहे. एक बाजू उघडून बघायचा विचार पक्का होत चाललाय. काका, उघडताना काय सांभाळू? जे जे व्हिडिओ पाहिले त्यात माणसं स्प्रिंगांशी कुस्ती खेळताना दिसतात.

गिअरकाका

हळू चला यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. माझी रेषा अशी : आत कोरडं असेल तर साफसफाई, अ‍ॅडजस्टर, शू, स्प्रिंग हे हाताला सवय असलेल्या माणसाने करावं. आत ओलं दिसलं, म्हणजे व्हील सिलिंडरच्या (तेलाच्या दाबाने शू ढकलणाऱ्या नळकांड्याच्या) रबराखाली ब्रेक ऑइल पाझरलेलं दिसलं, तर ड्रम परत लावून गाडी टो करून गॅरेजात.

आता काम. मागची चाकं उचलायची म्हणजे हँडब्रेक सुटलेला असणार, गाडी धरून ठेवायला उरली फक्त पुढची चाकं. त्यांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच किंचित सैल कर. मग जॅक, आणि जॅकने उचलल्यावर खाली लोखंडी घोडी. विटा रचून त्यावर गाडी टेकवू नकोस, वीट वजनाखाली न सांगता फुटते. स्टेपनी काढून चेसिसखाली आडवी सरकवून ठेव, शेवटचा आधार म्हणून.

मग तो पिळलेला नट पूर्ण सैल कर. शू फाकलेले असतील तर ड्रम बाहेर यायला नखरे करतो.

ड्रमचे दोन प्रकार. काही जुन्या छोट्या गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असतं. मधली टोपी काढून मोठा नट उघडावा लागतो आणि तो परत बसवताना टॉर्क पुस्तकाप्रमाणेच लागतो. तुझी तशी असेल तर गॅरेजचाच रस्ता धर. दुसऱ्या प्रकारात ड्रम नुसता बोल्टांवर अडकवलेला असतो. त्याच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं दिसतील, बऱ्याच गाड्यांत ८ मिमी बोल्टची. त्यात दोन बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे पिळत जा, ड्रम आपला आपण पुढे येतो. कडेवर हातोडी मारायची नाही. ड्रम बिडाचा असतो, कड उडते. वर्षानुवर्षं चाललेल्या ड्रमच्या आतल्या कडेला बारीक ओठ तयार झालेला असतो, त्याच्यामागे शू अडकतात. तसं झालं तर मागच्या प्लेटवरचं रबरी बूच काढून बारीक डिसमिसने अ‍ॅडजस्टर मागे घ्यावा लागेल.

आतली काळी धूळ फुंकायची नाही, हवाही मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि नसलं तरी ती फुप्फुसात जायची वस्तू नव्हे. ब्रेक क्लीनर किंवा साबणाचं पाणी, ओलं फडकं, तोंडाला मास्क.

एका वेळी एकच बाजू खोल, दुसरी नमुना म्हणून जोडलेली राहू दे. काही काढण्याआधी चार बाजूंनी फोटो. डाव्या-उजव्याचे अ‍ॅडजस्टर एकमेकांत मिसळू नकोस; दातेरी चाकाच्या प्रकारात दोन बाजूंचे आटे उलटसुलट असतात, चुकीच्या बाजूला लागलेला लांब होण्याऐवजी आखूड होत जातो. आणि ड्रम बाहेर असताना पेडलवर कोणाचाही पाय पडता कामा नये. सिलिंडरचे पिस्टन बाहेर आले की तेल सांडणं, हवा शिरणं, ती काढायला ब्लीडिंग, सगळी वरात मागे लागते. घरात पोरं असतील तर गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात.

विश्वामित्रीकर

रविवार सत्कारणी लागला. अहवाल देतो.

काका, दंडवत. डावंच निघालं. खाचांची पट्टी धूळ आणि गंजाने इतकी बसली होती की पक्कडीने धरून हलवली तेव्हा कुठे सुटली. स्ट्रट पार आखूड अवस्थेत. शू फारसे झिजलेले नव्हते, दोन्हींवर लायनर भरपूर. ड्रमवर १८२ मिमी असा कमाल व्यास ओतलेला आहे, मूळचा १८० चा. व्हर्नियरने आतून मोजला तर मर्यादेपासून बराच लांब. सिलिंडरचं रबर किंचित उचलून पाहिलं, आत कोरडं. म्हणजे पार्ट एकही घ्यावा लागला नाही, फक्त ब्रेक क्लीनरचा डबा आणि जास्त तापमानाला टिकणारं ग्रीस.

सगळ्यात चिवट काम शूंना मागच्या प्लेटला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगांचं. वाटीसारखी टोपी पक्कडीने दाबायची, मागून बोटाने पिन धरायची आणि टोपी पाव फेरा फिरवायची. पहिली टोपी सुटली ती थेट तुळशीवृंदावनात. बायको म्हणाली, देवाला वाहिलीस का? मग दुसऱ्या वेळी वर फडकं धरलं.

पट्टी, स्ट्रट वायर ब्रशने घासून स्वच्छ केले, ड्रमच्या आत पॉलिश पेपर फिरवला. प्लेटवर जिथे शू घासत सरकतात त्या उंचवट्यांवर ग्रीस, नखाच्या टोकावर मावेल एवढंच. लायनरला बोट लागू दिलं नाही. जोडताना आधी खालचं टोक आणि खालची स्प्रिंग, मग स्ट्रट, शेवटी वरची स्प्रिंग. हा क्रम फोटोवरून उलट वाचत गेलो. ड्रम घालण्याआधी ती छोटी लिव्हर शूच्या पत्र्याला टेकलीय का ते पाहिलं. टेकली होती. नट सैल होता म्हणूनच.

उजवा ड्रमही उघडून पुसला. तिथला अ‍ॅडजस्टर मोकळा चालत होता. मग दोन्ही ड्रम लावून बायकोला पेडल दाबायला सांगितलं आणि मी डाव्या चाकाशी कान लावून बसलो. प्रत्येक दाबाला आतून टक. टक. टक. थोड्या वेळाने आवाज बंद, म्हणजे फट भरली. ड्रम हाताने फिरवला, कुठेतरी हलकं घासल्यासारखं व्हायचं, पण मोकळा.

आता नट. लिव्हर पूर्ण खाली ठेवून केबलची ढील जाईल एवढाच पिळला. मग एकेक खटका वर घेत दोन्ही चाकं फिरवून पाहिली. शून्यावर दोन्ही मोकळी, दुसऱ्या खटक्याला दोन्ही घासायला लागली, सहाव्याला हाताने हलेनात. माझ्या पुस्तकात २० किलोच्या ओढीला ४ ते ९ खटके दिलेत, म्हणजे मधोमध आलो. आणि गंमत पाहा, नट आता गॅरेजवाल्याने ठेवला होता त्यापेक्षा बराच बाहेर आहे.

तर्कट

मान्य. चढावर पाहिलं का?

विश्वामित्रीकर

आधी सोसायटीच्या मोकळ्या जागेत रांगत्या वेगाने पायाचा ब्रेक दोन-चारदा, पेडल पूर्वीपेक्षा वर आणि कडक लागतंय. मग मित्राच्या बेसमेंटच्या रॅम्पवर, मागे कोणी नाही बघून, पाय पेडलच्या वर तयार ठेवून. थांबली. रिव्हर्सच्या दिशेने तोंड करूनही थांबली. फेरी मारून आल्यावर दोन्ही मागची चाकं सारखीच कोमट.

लिलो चेवडो

छान! एक राहिलं : चाकाचे नट समोरासमोरचे आवळलेस ना? आणि पन्नासेक किलोमीटर चालवून परत एकदा टॉर्क रेंच लाव.

इंदूरचा जिरावण

इंदूरहून वाचतोय, धागा वाचनखूण म्हणून साठवला. माझ्या गाडीला मागे डिस्क आहे आणि हँडब्रेकचं नुसतं बटण. हेच सगळं लागू पडतं का?

गिअरकाका

नाही, आणि तुमच्यासाठी इशारा वेगळा. बटणवाल्या गाडीत बहुतेक वेळा कॅलिपरवरच (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागावरच) छोटी मोटर असते, ती पिस्टन आत-बाहेर करते. पॅड बदलताना आधी स्कॅनरने किंवा पुस्तकात दिलेल्या पद्धतीने सर्व्हिस मोड लावून ती मागे घ्यावी लागते. क्लॅम्प लावून पिस्टन जबरदस्तीने दाबला तर आतले गिअर जातात. ते काम घरी करू नका. मागे डिस्क पण ओढायचा हँडब्रेक असेल तर दोन शक्यता : एक, कॅलिपरलाच केबलची लिव्हर; दोन, डिस्कच्या मधल्या डब्यात हँडब्रेकपुरते वेगळे छोटे शू. दुसऱ्या प्रकारात शू-आधी-केबल-नंतर हाच नियम, फक्त ते शू पायाच्या ब्रेकला वापरले जात नाहीत, त्यामुळे झिजतात कमी आणि गंजतात जास्त.

बेसमेंटवाली

माझी गाडी उघडली गॅरेजात, समोर उभी राहून. "आधी ड्रम खोला, नटाला नंतर हात लावा" म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. एका बाजूचं लायनर अगदी पत्र्यापर्यंत आलं होतं. शू दोन्हीकडचे नवे टाकले. एक विचारायचं होतं, पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी ठेवायची झाली तर हँडब्रेक ओढून ठेवू की नको?

गिअरकाका

सपाट जागा असेल तर नको. गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा. ओला ड्रम आणि दाबलेले शू आठवडाभर एकत्र राहिले की चिकटतात. धुऊन लगेच उभी करायची असेल तर आधी एक छोटी फेरी मारून हलके ब्रेक दाबा, ड्रम सुकतो. रॅम्पवर मात्र हँडब्रेक, गिअर आणि चाकं भिंतीकडे वळवून, तिन्ही. वॉचमनची वीट राहू द्या.

पानापक्कड

बरं बाबांनो. माझा नट किती फेरे मागे घेऊ ते सांगा.

गिअरकाका

फेरे मोजू नकोस. लिव्हर खाली ठेवून केबलला स्पष्ट ढील येईपर्यंत सैल कर, मग खटके मोज. बारा-तेरा आले तर समज खरं दुखणं ड्रममध्ये आहे. तोवर गाडी सपाट जागीच उभी कर, गिअरमध्ये, ठोकळा लावून. रविवारी मी घरीच आहे, घेऊन ये. येताना मास्क आण आणि घोडी असेल तर तीही, माझी एक शेजाऱ्याकडे गेलीय.